त्रेचाळीस पावलं

रामगोंडा आण्णांचा भूपाल चौऱ्याहत्तर साली बी.कॉम. होऊन पेढीवर बसला आणि पहिल्याच आठवड्यात त्याला घाम फुटला. आपली सगळी हळद जमिनीखाली आहे आणि ती नेमकी कुठं आहे हे फक्त तीन अडाणी माणसांच्या डोक्यात आहे, हे त्याला कळलं होतं.

सांगलीच्या पेठेतली हळद हरिपूरच्या रानात पेवात उतरायची. पेव म्हणजे दोन पुरुष खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं. ते बुजवून वर रान सपाट केलं की खुद्द धन्यालाही आपला माल सापडत नाही. ज्यानं बुजवलं तो चिंचेपासून पावलं मोजून ध्यानात ठेवायचा, बस्स. आण्णांच्या बारा पेवांचा हिशेब ज्ञानू, धुळा आणि हरिबा यांच्याकडं होता.

भूपालनं तिघांना बोलावून पावलं विचारली. त्यांनी इमानानं सांगितली. लाल शाईनं नकाशा तयार झाला, त्याला काच बसली, आणि दुसऱ्या दिवशी तिघांच्या हातात टाइप केलेला एकेक कागद पडला. ‘कामास निरुपयोगी ठरल्यामुळे कमी करण्यात येत आहे.’

ज्ञानूनं तो चहावाल्याकडून तीनदा वाचून घेतला. नोकरी गेली ते एक वेळ ठीक, पण ‘निरुपयोगी’ हा शब्द त्याच्या काळजात रुतला. सव्वीस वर्षं हळदीत काढली होती. आपल्या नवऱ्यावाचून सांगलीची पेठ उघडत नाही, असं त्याची बायको राहीबाई वडूजभर सांगत फिरायची. आता हा कागद घेऊन गावात शिरायचं कसं? त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

आठव्या दिवशी मद्रासच्या व्यापाऱ्याचा ट्रक रानात येऊन उभा राहिला. भूपालनं नकाशा काढला, पॉलिश केलेल्या बुटांनी चिंचेपासून उगवतीला त्रेचाळीस पावलं मोजली आणि मजुरांना म्हणाला, खणा. दुपारपर्यंत म्हशी डुंबतील एवढा खड्डा झाला. हळकुंड काही दिसलं नाही.

बातमी चहाच्या टपरीवर पोचली तेव्हा ज्ञानू बशीत चहा ओतत होता. बशी तशीच राहिली.

“आरं, त्यानं पावलं इचारली,” तो म्हणाला, “पाय कुणाचं ते इचारलंच न्हाई.”

दहा वर्षांपूर्वी पेवात उतरताना दोर तुटला होता, तेव्हापासून त्याचा डावा पाय आखूड होता. त्या पायाला त्यानं आजवर शिव्याच घातल्या होत्या. आज पहिल्यांदा त्याच्यावरून मायेनं हात फिरवला.

“हरिबा, बैलगाडी जुंप. आन् गड्यांनो, तिथं गेल्यावर मी सांगंस्तवर खाली कुणी उतरायचं न्हाई.”

गाडी चिंचेखाली थांबली. आण्णा स्वतः छत्री घेऊन पुढं आले.

“ज्ञानू, आरं तू घरचा माणूस. असा रुसतोस काय?”

“आवं आण्णा, घरच्या माणसाला टाइप केल्यालं कागुद कवापासनं देत्यात?”

“बरं, खाली तरी उतर.”

“उतराय पाय लागत्यात. निरुपयोगी माणसाचं पाय काय करायच्यात तुमाला?”

ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला. ज्ञानूनं मागणी सांगितली. कामावर परत यायचं नव्हतंच. तिघांना वर्षभराचा पगार, आणि नवा कागद.

“आण्णा, ही सरळसरळ अडवणूक आहे,” भूपाल म्हणाला.

“व्हय,” ज्ञानू म्हणाला.

पैसे पेठेतून आले. कागद ट्रकच्या बॉनेटवर लिहिला गेला, भूपालच्याच हातानं. ‘यांच्यावाचून पेढीचे काम चालत नव्हते. ते स्वखुशीने जात आहेत.’ आण्णा मुरलेले व्यापारी. उद्या हे पुन्हा दारात यायला नकोत, म्हणून त्यांनी शेवटची ओळ स्वतः घालायला लावली. ‘आजपासून कोणाचा कोणाशी काही संबंध राहिला नाही.’ चहावाल्याला मुद्दाम गाडीतून आणलं होतं. त्यानं कागद वाचून दाखवला, सह्या-अंगठे गाडीत बसल्या बसल्याच झाले, आणि मग ज्ञानू एकटाच खाली उतरला.

चिंचेला पाठ लावून तो लंगडत निघाला. मागून बी.कॉम. झालेला भूपाल टेप घेऊन रांगत त्याचं एकेक पाऊल मोजत होता. त्रेचाळिसाव्या पावलाला ज्ञानू थांबला. हातभर खणलं आणि हळदीचा वास सुटला. आण्णांनी डोळे मिटले.

“सव्वा फूट!” भूपाल कपडे झटकत उठला. “आता बाकीची अकरा माझी मी काढतो.”

“काढा की,” ज्ञानू गाडीत चढत म्हणाला. “पर ती माज्या पावलांची न्हाईत. काई धुळानं बुजवल्यात, काई हरिबानं.”

“कुठली कुणी?”

ज्ञानूनं खिशातला कागद काढून आण्णांपुढं धरला. “शेवटची वळ वाचा मालक. तुमीच घातलीया.”

आण्णांनी ती वाचली. मग गाडीत पाहिलं. ताडमाड धुळा आणि बुटका हरिबा शेजारी शेजारी मांडी ठोकून बसले होते. रानात आल्यापासून दोघांनी जमिनीला पाय लावला नव्हता.