भिंतीलगतची पानं

"बसून बसून दम लागतो तुला," लोटून झाल्यावरची रोजची फेरी मारून परत येत मेस्त्री म्हणाले. "हातपाय हलवले पाहिजेत माणसानं. मी बघ, सगळं अंगण लोटलं, एकदा तरी धाप लागली का?"

पायरीवर बसलेली बायको श्वास आवरत होती. "तुम्ही लोखंडाचे, मेस्त्री. आम्ही आपले पत्र्याचे."

मेस्त्री खूश झाले. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या भिंती रंगवल्या होत्या. आता हाताखाली पोरं नव्हती, पण बायको अजून चेष्टेनं का होईना, मेस्त्री म्हणत होती.

अंगणाची वाटणी जुनी होती. वाफे आणि कुंड्या तिच्या. झाडलोट, छाटणी, कुंपणाची डागडुजी त्यांची. तिच्या हृदयाची झडप सैल झाल्याचं निघालं आणि डॉक्टरांनी वाकणं, उचलणं बंद करायला सांगितलं, तेव्हा तिचा वाटाही मेस्त्रींनी आपल्याकडे घेतला. गेल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरी कष्टाचं काही करत नाहीत ना या?"

"हिला मी काडी उचलू देत नाही, डॉक्टर," मेस्त्री छाती काढून म्हणाले होते.

तेव्हा ती मान खाली घालून नखं बघत होती. मेस्त्रींना वाटलं, लाजली.

त्यांच्या स्वतःच्या दुखण्याला ते दुखणं म्हणत नसत. डोळ्यांत काचबिंदू होता; रोज ती थेंब घालायची. "कडेचं दिसणं हळूहळू जाईल, तुम्हाला कळणारही नाही," असं डोळ्यांची डॉक्टरीणबाई म्हणाली, तेव्हा मेस्त्री घरी येईपर्यंत हसत होते. "मला कळणार नाही? दारातून भिंतीवर नजर टाकली की सुटलेला डाग सांगायचो मी. पोरं चळाचळा कापायची."

त्या दिवशी परसातला नळ गळत होता. मेस्त्रींनी अंगण लोटलं, हात धुतले आणि वॉशर आणायला निघाले. कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं, नमुन्याचा जुना वॉशर नळापाशीच राहिला. स्वतःला शिव्या देत परतले.

फाटकापाशी आले आणि थबकले.

बायको अंगणात उकिडवी बसली होती. डाव्या अंगाच्या भिंतीला एक हात टेकून दुसऱ्या हातानं पानं वेचत होती, जुन्या पिशवीत भरत होती. जरा पुढे सरकायची, थांबायची, कपाळ भिंतीला टेकवायची. पुन्हा सरकायची. खराटा जवळच होता. घेतला नव्हता.

आधी मेस्त्रींना राग आला. मी लोटलेल्या जागी ही काय करतेय? मग त्यांनी मान पुरती डावीकडे वळवली.

भिंतीच्या कडेनं, फाटकापासून पार परसापर्यंत, पानांची पट्टी पडली होती. चांगली हातभर रुंद. तिची कड सरळ, दोरी धरून आखल्यासारखी. तिच्या अलीकडचं अंगण लख्ख.

असली पट्टी एखाद्या पोरानं भिंतीवर सोडली असती, तर मेस्त्रींनी चारचौघांत त्याची शोभा केली असती.

खराट्याचा आवाज होतो. शेजारची म्हातारी कुंपणावरून विचारील, नवऱ्यानं आत्ताच लोटलं ना गं? म्हणून ही हातानं वेचते. आजच नव्हे. रोज. आणि रोज ते परत येतात, तेव्हा हिला दम लागलेला असतो, आणि रोज ते म्हणतात...

कानशिलं तापली. आत जावं, पिशवी हिसकावून घ्यावी, असं वाटलं. पण मेस्त्री चोरासारखे मागे वळले. दुकानात त्यांनी अंदाजानं एक वॉशर मागितला. येताना फाटकाची कडी मुद्दाम दोनदा वाजवली, उगाच खोकले, आणि मगच आत शिरले.

ती पायरीवर बसली होती. बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून नुसती हसली.

"पाणी आणू?" मेस्त्रींनी विचारलं.

"नको. बसून बसून लागतो हो दम."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

वॉशर बसला नाही. नळ रात्रभर गळत राहिला.

सकाळी मेस्त्रींनी खुर्ची अंगणात आणून ठेवली. "बस इथं. आजपासून तू मुकादम. कुठं राहिलं ते ओरडून सांगायचं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "मुकादमाला पगार काय?"

"चहा."

"तो मीच करते."

"मी करीन."

"मग नको बाई नोकरी," ती म्हणाली आणि बसली. "हं. डावीकडे. अजून डावीकडे. अहो, भिंतीला चिकटून! रंग ओला नाही तिचा."

पट्टीबद्दल दोघंही कधी बोलली नाहीत. मेस्त्रींनी पुष्कळदा तोंड उघडलं. तिनं प्रत्येक वेळी दुसरंच काही काढलं.

पानगळीचा तो हंगाम तेवढा तिनं खुर्चीतून निभावला. पुढचा पाहिला नाही. झडपेचं दुखणं जुनंच होतं, होणार ते झालं, असं डॉक्टर म्हणाले. मेस्त्रींनी मान हलवली. पानांबद्दल विचारायचं होतं. विचारलं नाही. उत्तर ऐकायची छाती झाली नाही.

तेरावं झालं, तरी लेक महिनाभर राहिली. एका सकाळी ती चहा घेऊन दारात आली, तर वडील अंगण लोटत होते. खुर्ची जागच्या जागी होती. भिंतीच्या टोकाशी ते थांबले, खराटा हातात तसाच धरून, कोणी काही सांगेल म्हणून थांबावं तसे.

मग त्यांनी खराटा अलगद खाली ठेवला. गुडघे धरत उकिडवे बसले. डावा तळवा जमिनीवरून सरकवत चाचपू लागले.

"बाबा, काय पडलं? मी शोधू?"

"काही नाही. थोडं सुटलंय," मेस्त्री म्हणाले, आणि एका हातानं भिंत धरून, आवाज न करता, एकेक पान वेचू लागले.