चटईखालचा मार

सिडनीतल्या एका लग्नात माझ्या मुलाने, पेतेलोने, फुटक्या बाटलीने आमच्यातल्याच मारेता नावाच्या बाईच्या धाकट्या मुलाचा डोळा फोडला. तो तुरुंगात गेला. आम्हा सामोअन लोकांच्या रीतीप्रमाणे त्याच्या वतीने क्षमा मागणे माझ्याकडे आले. आमच्या घराण्यात हे काम दुसऱ्यावर सोपवत नाहीत.

पहाटे मी मारेताच्या दारापुढे गुडघे टेकले आणि घराण्याची बारीक विणीची चटई डोक्यावरून ओढून घेतली. त्यांनी ती उचलली, तर क्षमा मिळाली. तोवर जे करतील ते सोसायचे.

मारेताचा थोरला, लेमिसिओ, बॅट घेऊन बाहेर आला.

"ऊठ, म्हातारे! पोरगा तुरुंगात आयतं गिळतोय आणि तू इथं गोधडी पांघरून नाटकं करतेस?"

"गोधडी म्हणू नकोस. मारायचं तर मार."

पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. तिसऱ्याने कान फाटला. रक्त मानेवरून चटईत उतरले. मी हलले नाही. अखेर मारेताने धावत येऊन मुलाच्या थोबाडीत मारली. "मेल्या, मरेल ती!" चटई तिने स्वतःच्या हाताने उचलली. भांडण मिटले, असे पत्रही दिले.

पुढे चारित्र्याचे कारण देऊन पेतेलोचा व्हिसा रद्द केल्याची नोटीस आली; तो परत मिळाला नाही, तर त्याला सामोआला धाडणार होते. मी मारेताचे पत्र पाठवले आणि सोबत, अभिमानाने, इस्पितळाचा कागद जोडला. मोडलेला खांदा हाच समेटाचा पुरावा, अशी माझी समजूत. व्हिसा रद्दच ठेवताना अधिकाऱ्याने लिहिले: 'याच्यामुळे दोन कुटुंबांत अद्याप हाणामारी चालू आहे.' पत्राचा उल्लेखही नव्हता.

आम्ही न्यायालयात गेलो. मी बोलायला उठले, तर वकीलबाई हेनेसींनी माझी बाही ओढली.

"बसा, माई. पेतेलो चांगला की वाईट, हे इथं बघत नाहीत. अधिकाऱ्यानं पत्र विचारात घेतलं का, एवढंच."

घेतले नव्हते. न्यायालयाने अधिकाऱ्याचा निर्णय रद्द केला. पण नवा निर्णय तेच खाते देणार होते. तोवर पेतेलो कोठडीतच राहिला.

"लेमिसिओनं लिहून द्यावं," हेनेसी म्हणाल्या. "मी मारलं आणि भांडण तिथंच संपलं, असं. मग खात्याची पंचाईत होईल."

लेमिसिओ सही केलेला कागद घेऊन दारात आला. नजर खाली.

"घ्या, माई."

"तू इथला नागरिक आहेस?"

"नाही. व्हिसावरच आहे."

"आणि म्हातारीला बॅटनं झोडपल्याचं सहीनिशी लिहून देतोस, गाढवा? उद्या तुलाच विमानात कोंबतील."

मी कागद फाडला. मारेताच्या एका मुलाला आमच्या घराने आधीच अधू केले होते.

पेतेलोला हे फोनवर मीच सांगितले. पलीकडे काहीतरी भिंतीवर आदळले.

"तू माझी आई की त्याची?" तो ओरडला. मग शिव्या सुरू झाल्या. पहारेकऱ्यांनी त्याला ओढून नेईपर्यंत मी त्या सगळ्या ऐकून घेतल्या.