ज्यातून काही सुटत नाही, तो मी

मी लॅपटॉप बोलतोय. पातळ, हलका, चंदेरी आणि मेलेला. मेलेल्याने बोलू नये असा काही कायदा नाही, म्हणून बोलतोय.

माझा जन्म झाला तिथे धुळीच्या कणालाही आत यायची परवानगी नव्हती. कामाला येणाऱ्या माणसांच्या अंगावर वारा सोडायचे, झटकून झटकून आत घ्यायचे. मला वाटलं, सगळे कारखाने असेच असतात. मूर्ख होतो.

दुकानात माझ्या शेजारी एक काळा लॅपटॉप मांडलेला होता. माझ्याहून बोटभर जाड, जरासा जड. गिऱ्हाइकं यायची, दोघांना दोन हातांत धरून कलिंगडासारखं तोलायची आणि विचारायची, "रोजच्या कामाला कुठला बरा?" दुकानदार म्हणायचा, "दोन्ही बरे." त्याच्या बापाचं काय जात होतं!

एक दिवस दोन जावा आल्या. थोरली लोकांचे अर्ज लिहून द्यायची, तिला वस्तीत अर्जवालीच म्हणत. धाकटीचं तोंड चालू आणि नजर दुकानदाराच्या हातावर.

"काळ्याचे चार स्क्रू काढले की झाकण उघडतं," दुकानदार सांगायला लागला. "आत तुमचं लिहिलेलं जिथे साठतं ती पट्टी सुटी आहे. काढता येते."

"कुणालाही?" धाकटीने विचारलं.

"कुणालाही. दोन मिनिटांचं काम."

"आणि हा चंदेरी?"

"ह्यात सगळं एकजीव. काही सुटत नाही."

"ताई, हाच घे."

दुकानदार हसला. "अहो, ह्याच कारणाने लोक तो नको म्हणतात."

"लोकांचं काही चोरीला गेलं नसेल," अर्जवाली म्हणाली आणि मला छातीशी धरून बाहेर पडली.

काय चोरीला गेलं होतं, ते मला घरी गेल्यावर कळलं. वस्तीच्या टोकाला दगड दळून पूड करायची गिरणी होती. अर्जवालीचा नवरा तिथेच धुळीने छाती भरून गेला. त्याच्या मागे आणखी अकरा जण. मालक म्हणायचा, विड्या ओढून मेले. त्यातल्या पाच जणांनी आयुष्यात विडी धरली नव्हती. बायकांनी घरोघरचे जबाब एका वहीत लिहिले आणि वही वकिलाकडे ठेवली. महिन्याने वकील म्हणाला, वाळवीने खाल्ली. एका महिन्यात दोनशे पानं! वाळवी काय उपाशी ठेवली होती काय?

तेव्हापासून बायकांनी ठरवलं, नक्कल करायची नाही. कागदावर नाही, मोबाइलवर नाही, कुणाच्या भावाकडे नाही. प्रत्येक घरात कुणी ना कुणी गिरणीचा पगार खात होतं, विश्वास ठेवायचा कुणावर? एकच प्रत, माझ्यात. आणि मी अर्जवालीच्या उशाशी. दिवसा लोकांचे अर्ज, दाखले, तक्रारी. दुपारी दार लावून जबाब.

सगळ्यात मोलाचा जबाब पंखेवाल्याचा. गिरणीत धूळ ओढून घेणारा भला मोठा पंखा होता, त्याचं बटण ह्याच्या हाती. अर्जवाली मला घेऊन त्याच्या खाटेपाशी बसली. तो दोन शब्द बोलायचा आणि श्वास गोळा करायचा.

"पंखा बंदच असायचा. वीज खातो म्हणून. तपासणीवाले यायचे असले की आधी फोन यायचा. मग चालू करायचो. ते गेले की बंद. मीच करायचो. लिहिलंस?"

"लिहिलं, दादा."

"अंगठा कुठे देऊ?"

कागद नव्हता. तिने त्याचा अंगठा माझ्या झाकणावर टेकवला. कित्येक दिवस तिथून फडकं फिरवलं नाही तिने. नवव्या दिवशी तो गेला. बटण धाकटीच्या नवऱ्याकडे आलं. पगार जरा वाढला, त्या दिवशी घरात कुणी हसलं नाही.

खिडक्या लावल्या तरी धूळ यायचीच. भांड्यांवर, पांघरुणावर, माझ्या अक्षरांच्या फटींत. माझ्या पोटातही एक पंखा होता, तळहाताच्या निम्म्याएवढा. तो घरघरायला लागला.

"ह्यालाही लागली," धाकटी म्हणाली.

गिरणीवरच्या दाव्याच्या सुनावणीला आठ दिवस उरले असताना एका दुपारी मी तापलो, जळका वास आला आणि विझलो.

दुरुस्तीवाल्या मुलीने मला उघडलं. आत पांढरं पीठ गच्च बसलेलं.

"घरात दळण दळता का, मावशी?"

"दगड," अर्जवाली म्हणाली.

"मुख्य पट्टीच जळलीय. लिहिलेलं सगळं त्याच पट्टीत. सुटं असतं तर दोन मिनिटांत काढून दिलं असतं."

पोरीला काय ठाऊक, ती काय बोलून गेली. अर्जवालीने खुर्चीची पाठ धरली. धाकटी म्हणाली, "मीच म्हटलं होतं, हाच घे."

"गप. दोघींनी घेतला."

सुनावणीला मला नेलं. साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"ह्यात आहे सगळं," अर्जवाली म्हणाली.

"चालू करा," साहेब म्हणाले.

"मेलाय तो."

"आणि ज्याने पंख्याचं सांगितलं, तो माणूस?"

"तोही."

मालकाचा वकील खिशातला रुमाल काढून हसू पुसत होता. साहेबांनी ते पाहिलं. म्हणाले, "बाई, महिना देतो. जिवंत माणसाचा जबाब आणा."

पंख्याचं सांगू शकेल असा जिवंत माणूस एकच होता, धाकटीचा नवरा. परवा रविवारी तो टेबलाशी येऊन बसला. अर्जवालीने नवी वही उघडली. धाकटी दाराला पाठ लावून उभी.

"बोललास तर सोमवारी गेटातून आत घेणार नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "चूल कशावर पेटवू, ते सांग आधी."

"नाही बोललो तर किती वर्षं पेटवशील?"

ती दारापासून हलली. मग तिने खुर्ची ओढली आणि नवऱ्याशेजारी बसली.

"लिही वहिनी," तो म्हणाला. "आणि चार प्रती कर. एक साहेबांना, बाकीच्या वेगवेगळ्या घरांत ठेव."

मी फळीवरून बघत होतो. मला कुणी दोष दिला नाही, पण दोष माझा आहेच. मी पोटात घेतलं ते परत देऊ शकलो नाही. तुम्ही दुकानात उभे राहाल, वजन बघाल, रंग बघाल. एवढंच विचारा की हा मेला तर माझं काय उरेल. दुकानदार 'काही सुटत नाही' एवढंच सांगेल.

तिकडे त्याने पहिलं वाक्य सांगितलं आणि खोकला सुरू झाला. अर्जवाली पेन धरून थांबली. ती घरघर मी ओळखतो, माझ्या पोटात तीच होती. बायांनो, खोकला थांबायची वाट बघू नका. मधल्या श्वासात जेवढं येईल तेवढं लिहून घ्या.