डोलकाठीखालची देवी

मित्रांनो, मी एक जुने रोमन नाणे आहे. अस्सल चांदीचे, उगाच कथलाचे नव्हे! टाकसाळीत तापलेल्या चकतीवर घण बसला आणि मला दोन बाजू आल्या. एकीकडे सम्राटाचे ताठ डोके. दुसरीकडे फॉर्चुना, नशिबाची देवी. तिच्या एका हातात फळांनी भरलेले शिंग, दुसऱ्या हातात सुकाणू. भरभराट तिनेच द्यायची आणि माणसाचे तारूही तिनेच वळवायचे.

ऑस्टिया बंदरातल्या नेवियस तांडेलाने लग्नाच्या दिवशी मला ऑर्बियाच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, हातावर ठेवले. तो समुद्रावर गेला की ती देवीवरून अंगठा फिरवत बसे. देवीचे नाक झिजले. मला मात्र त्या अंगठ्याची सवय झाली.

पुढे नेवियसने स्वतःचे जहाज बांधले. डोलकाठी उभारण्याआधी तिच्या खोबणीत नाणे ठेवायचे, देवी वर करून, अशी तिथली रीत. ऑर्बियाने मलाच आणले. जहाजाचा सुतार ल्युक्रो म्हणाला, "वहिनी, हिला तर नाकच उरलं नाही! दुसरं नाणं द्या की."

"नाकाशी काय करायचंय तुला? हातात सुकाणू आहे ना? झालं तर!"

ल्युक्रो दोर ओढायला वळला. ऑर्बियाने देवीचा मुका घेतला. "बाई गं, माझ्या माणसाला घरी आण," असे पुटपुटत तिने तळहात उपडा करून मला ओठांवरून तसेच खोबणीत ठेवले. देवी पालथी! मी ओरडणार कसे? वर डोलकाठी बसली आणि अंधार झाला.

केवढा एकटेपणा होता तो, मित्रांनो! वर गाणी, शिव्या, वादळे; माझ्या वाट्याला नुसती लाकडाची करकर. पालथी देवी काय पाहणार नि काय वळवणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागे. तरी जहाज दरवेळी ऑस्टियाला लागायचे. ऑर्बिया डोलकाठीवर थाप मारून म्हणायची, "आणलंस गं बये!" त्या एका थापेवर मी पुढची सफर काढत असे.

एकदा जहाज लागले, पण थाप पडली नाही. पुढच्या खेपेलाही नाही.

शेवटी जहाज मोडीत निघाले. म्हाताऱ्या नेवियसने मला खोबणीतून उचलले. वर सम्राटाचे डोके पाहून तो हसला.

"अगं वेडे, उलटी ठेवली होतीस की! तरी मी आलोच बघ." मग त्याने मला उलटून देवी वर केली. "मी आलो, आणि तूच घरात नव्हतीस."

मला माणसाला घरी आणायला सांगितले होते. वाट पाहणारीला जपायला कुणी सांगितलेच नव्हते.

नेवियसने मला ऑर्बियाच्या राखेच्या कलशात ठेवले, देवी वर करून. या वेळी सगळे रीतीप्रमाणे झाले. पण राखेला अंगठा कुठला?

मित्रांनो, कधी जुने नाणे हाती आले, तर ते घासून चकचकीत करू नका. त्यावरच्या देवीचे नाक झिजलेले असेल, तर हलकेच अंगठा फिरवा. तिथे कुणीतरी कुणाची तरी वाट पाहिली आहे.