मॅनेजरचा टाय

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याने पाणी घातलं की मला राग येतो, आणि नाही घातलं की आज का नाही घातलं म्हणून डोक्याला भुंगा लागतो. ताई म्हणते, तू झोपलीस तरी तुझा एक डोळा जागाच असतो. त्यामुळे युनियनच्या शनिवार-रविवारच्या शिबिराला गेले तेव्हाही मी फळ्याकडे बघायच्या आधी माणसांकडे बघितलं.

शिबिर युनियन ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला चिकटवलेले मोठे कागद, मार्करचा उग्र वास, आणि कोपऱ्यात चहाचा एक थर्मास, ज्याचं झाकण काही केल्या नीट बसायचं नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे वीसेक जण आले होते. बेकरीत भट्टीवर काम करणारी एक खणखणीत आवाजाची बाई, एक बस कंडक्टर, छापखान्यातले दोघं. आमच्या लाँड्रीतून मी, म्हणजे नुकतीच निवडून आलेली प्रतिनिधी, आणि आमच्या शाखेचे सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे माझे भाऊजी, ताईचा नवरा.

आमची लाँड्री गल्लीतली नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ट्रकने येतात. मळक्या खात्यात त्या निवडतात, मग धुतात, मग दोघी-दोघी मिळून इस्त्रीच्या मोठ्या रोलरमध्ये सोडतात, आणि पलीकडे टेबलावर घड्या होतात. रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. बोटं जरा पुढे गेली की पट्टी दबते आणि मशीन जागच्या जागी थांबतं. पण मशीन थांबलं की काम मागे पडतं, आणि काम मागे पडलं की सुपरवायझरचं डोकं फिरतं. म्हणून त्याने ती पट्टी चिंधीने बांधून टाकली. पुढच्याच आठवड्यात ताईचा उजवा हात चादरीबरोबर आत ओढला गेला.

आता कंपनी म्हणत होती, पट्टी ताईनेच बांधली. सोमवारी त्यावर मीटिंग होती. कंपनीचं खरं धरलं गेलं तर हात गेलाच होता, नोकरीही जाणार होती, आणि वर दोषही ताईच्याच माथी. आमच्याकडे आधार एकच होता. घडीच्या टेबलावरच्या एका बाईने सुपरवायझरला पट्टी बांधताना बघितलं होतं. सोमवारी बोलायला ती कशीबशी तयार झाली होती, पण तोवर कुणाला कळता कामा नये, या अटीवर. मला, ताईला आणि भाऊजींना, एवढ्या तिघांनाच ते माहीत होतं.

तर मी माणसं बघत होते, आणि मागच्या रांगेत मला तो दिसला. हॉलमध्ये सगळे घामाघूम, आणि या गृहस्थाच्या गळ्यात मफलर. ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा "कोल्ड स्टोरेजमध्ये असतो" एवढं बोलून खाली बसला. चहाच्या वेळी मी मुद्दाम त्याच्या हातात कप दिला आणि हात बघून घेतले. मऊ, नखं स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. असे हात आमच्याकडे फक्त ऑफिसात असतात. शिवाय दर सुट्टीत हा जिन्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून फोनवर कुजबुजायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"भाऊजी, तो मफलरवाला मालकांचा माणूस आहे," मी म्हटलं.

"झालं तुझं सुरू," भाऊजी हसले. "उद्या थर्माससुद्धा मालकांचा निघेल."

शिकवायला एक बाई होत्या. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या, आवाज मऊ पण नजर अशी की वर्गात कुणी जांभईही देऊ नये. दुपारी त्यांनी पिशवीतून एक निळा टाय काढला. टोकाला चहाचा जुना डाग होता.

"हा ज्याच्या गळ्यात, तो मॅनेजर," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी त्याच्याशी मीटिंग करायची. टाय घालून बोललेलं मॅनेजर बोलला असं समजायचं. काढला की त्या शब्दांवरून त्याला कुणी धरायचं नाही. नाहीतर मनापासून मॅनेजर कोण होईल? आणि एक. स्वतःचं चालू प्रकरण इथे आणू नका. बनवलेलं घ्या. खरं घेतलंत तर डोकं ठिकाणावर राहत नाही."

आम्ही सगळ्यांनी शहाण्या मुलांसारख्या माना हलवल्या.

कंडक्टरने टाय घालून अशी मिजास केली की हसून पुरेवाट झाली. मग माझी पाळी आली. समोर मॅनेजर कोण, असं बाईंनी विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "भाऊजी, तुम्ही व्हा ना." ते आढेवेढे घ्यायला लागले. बेकरीवाली ओरडली, "अहो, मेव्हणीला घाबरता काय!" तेव्हा कुठे उठले. ताईने डाव्या हाताने इस्त्री केलेला पांढरा शर्ट, त्यावर तो निळा टाय. खरंच साहेब दिसायला लागले.

मी बनवलेलंच प्रकरण घेतलं होतं, पाण्याच्या टाकीचं. पण माझ्या डोक्यात सोमवार होता. दोन वाक्यांत टाकी राहिली बाजूला आणि मी पट्टीवर आले. बाईंनी भुवई उंचावली, पण मला आता कोण थांबवतंय! मी तावातावाने बोलत होते, मागून सगळे टेबलं वाजवत होते, आणि भाऊजी खुर्चीत मागे सरकत चालले होते. त्यांचा चेहरा लाल झाला.

"आणि आमच्याकडे साक्षीदार आहे!" मी म्हटलं.

"कोण? घडीच्या टेबलावरची?" भाऊजी ताडकन म्हणाले. "ती तर महिनाभर मळक्या खात्यात आहे. भिंतीपलीकडून तिला रोलर दिसला होय?"

हॉल हसला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाईंनी टाय सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "बघितलंत? साक्षीदार आहे असं सांगण्याआधी तो उभा कुठे होता ते पक्कं करावं लागतं."

व्हरांड्यात मी भाऊजींना गाठलं. "सगळ्यांसमोर घडीचं टेबल कशाला काढलंत?"

"बोलण्याच्या भरात गेलं तोंडातून," ते म्हणाले. "तू इतकी भांडत होतीस की मलाही चेव आला. चुकलं माझं." मग जिन्याकडे बघून हळूच म्हणाले, "पण तुझं खरं असावं. तो मफलरवाला मलाही आता बरा वाटत नाही."

मी वळून बघितलं. तो जिन्यात भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होता.

रविवारी दुपारच्या चहाला घडीवालीचा फोन आला. ती रडत होती. "मला माफ कर. सुपरवायझरने मला मळक्या खात्यात टाकलंय. वर म्हणतो, कुणी विचारलं तर महिनाभर इथेच आहे म्हणून सांगायचं. शुक्रवारी सुटताना सांगितलं गं. दोन दिवस तुला फोन करायची हिंमत होईना."

पुढचं मी नीट ऐकलंच नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त मफलर होता. मी तरातरा हॉलमध्ये गेले. शेवटच्या तासासाठी सगळे बसत होते. मी थेट मागच्या रांगेसमोर जाऊन उभी राहिले.

"किती दिले तुला?" मी म्हटलं. "काल इथे ऐकलंस आणि जिन्यात जाऊन फोन केलास. म्हणून सुपरवायझरने आमच्या साक्षीदाराला मळक्या खात्यात टाकलं, महिनाभर इथेच आहे असं सांग म्हणून धमकावलं. माझ्या बहिणीचा हात गेला, तो तुला पुरला नाही?"

तो उठला नाही, की आवाजही चढवला नाही.

"बायकोचे दिवस भरलेत," तो म्हणाला. "तिला फोन करतो. आणि हात बघत होतीस ना काल? दिवसभर जाड मोजे असतात हातात. मफलरची सवय पण तिथलीच." मग त्याने विचारलं, "काल मी ऐकलं, बरोबर. पण तुमच्या साक्षीदाराला हे कधी सांगितलं सुपरवायझरने?"

"शुक्रवारी," मी म्हटलं.

शुक्रवारी. म्हणजे शिबिराच्या आधी. शनिवारी मी इथे काही बोलायच्याही आधी. तेव्हा मफलरवाल्याला आमची लाँड्री कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. घडीवालीला मळक्या खात्यात टाकलं हे शनिवारी दुपारी या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते टाय घालून माझ्यासमोर बसले होते.

मी वळले. भाऊजी दुसऱ्या रांगेत होते. मी काही विचारायच्या आधीच ते बाईंकडे बघून म्हणाले, "टाय घालून बोललेलं धरायचं नाही, असा नियम आहे ना बाई?"

बेकरीवालीने भाऊजींच्या शेजारची आपली खुर्ची ओढून बाजूला घेतली. तो आवाज फार मोठा वाटला.

"का?" मी एवढंच विचारलं.

भाऊजी शर्टाच्या बाहीशी खेळत राहिले. "तिचा हात काय परत येणार आहे?" ते म्हणाले. "डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मीटिंग जिंकलो तरी ती रोलरवर उभी राहणार नाही. मला सुपरवायझर करतो म्हणाले. घरात एकाची तरी नोकरी पक्की नको? मी काय माझ्या एकट्यासाठी केलं?"

मला वाटलं होतं, खरा चोर सापडला की बरं वाटेल. आयुष्यभर मी दूधवाल्यावर, वाण्यावर, शेजारणीवर डोळा ठेवला. आणि ज्यांच्या ताटात ताई आधी वाढते त्यांच्यावर कधी ठेवला नाही. मला इतका राग आला की रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

टेबलावर टाय पडला होता. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर टाकला. "राहू दे तुमच्याकडेच," म्हटलं. "सोमवारी लागेल."

ते उठले आणि कुणाकडे न बघता जिना उतरून गेले. टाय खुर्चीखाली पडून राहिला. शेवटचा तास झालाच नाही.

मफलरवाल्याची माफी मागायला मी गेले. पण तोच आधी म्हणाला, "सोमवारी मीटिंगला मी येतो. कंपनीने शुक्रवारी जे केलं ते तुमच्या सेक्रेटरींना शनिवारी तोंडपाठ होतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. बाळ आलं तर थोडा उशीर होईल, पण येतो."

"मी पण येते," बेकरीवाली म्हणाली. "आणि तुमच्या त्या घडीवालीला सांग, घाबरू नको म्हणावं. आम्ही आहोत." बाई टाय उचलून पिशवीत घालत होत्या. त्या म्हणाल्या, माझंही नाव धरा.

सगळे गेल्यावर मी ताईला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"काल हे सांगत होते, मॅनेजर झालो म्हणून. सगळे हसले म्हणे," ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "खरंच जमलं का गं त्यांना?"

"जमलं, ताई," मी म्हटलं. मग मी तिला सगळं सांगितलं. घडीवाली, शुक्रवार, सुपरवायझरची जागा, सगळं. काही लपवलं नाही, कारण लपवायचं काम तिच्या घरात आधीच एकजण करत होता.

"शर्टाला इस्त्री मी केली होती," ती म्हणाली. "डाव्या हाताने. कॉलर दोनदा चुकली."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, आणि भाऊजींनी तिला हाक मारली. तिने ओ दिली नाही.

"उद्या मीटिंग कुठल्या खोलीत आहे?" ताईने विचारलं. "मला नीट सांग. मी येणार आहे."