टाकीवरची मच्छरदानी

निळा चिमटा टाकीखाली, शेवाळलेल्या विटेपाशी पडला होता – तोंड मिटलेला. गीतांजलीने तो उचलून दाबून पाहिला. स्प्रिंग घट्ट. म्हणजे आपोआप सुटलेला नव्हता. मच्छरदानीची एक कड वर उचललेली, आणि जुन्या कूलरच्या त्या गंजक्या टाकीत, हिरवट पाण्याखाली... माशाचं एक मिशाळ तोंड वर आलं, हवेचा घोट घेऊन बुडालं. मग दुसरं. दोघेही आहेत. तेवढ्यात गाऊनला ओल जाणवली – अलीकडे हे असंच होतं, जीव कुणासाठीही धसकला की पान्हा फुटतो. त्याला कुठे कळतं कुणासाठी... आणि म्हणे दूध नाही.

मुनग्याच्या झाडाच्या फांदीवर ढोकरी बसली होती, बगळ्याचीच जात, मान खांद्यांत खुपसून, मातकट, गरीब. तिसरा मांगूर तिनेच नेला, परवा. उडताना पंख उघडले ते आतून लखलखीत पांढरे, आणि गीतांजली हातात ओलं दुपटं घेऊन नुसती बघत राहिली, कारण ती सुंदर दिसली होती. त्याचाच राग जास्त. त्याच दुपारी तिने तान्ह्या मुलीची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदानी टाकीवर पालथी घातली, कडेने चिमटे लावले. "पोरीची मच्छरदानी मासोळ्यायले!" सासूबाई दारातून म्हणाल्या होत्या. "सेक्टरभर हासतीन लोक."

हासू देत.

मासे खायलाच आणले होते. बाळंतिणीला मांगूरचा रस्सा दिला की दूध उतरतं, म्हणून सासूबाईंनी, गयाबाईंनी मुद्दाम जिवंत मागवले. डब्याचं झाकण काढलं तर तिघं एकमेकांवर रचलेले, आणि एकाने मिशा हलवत वर पाहिलं – पाहिलं असेल की नाही, कोण जाणे. पण अळीव, पेज, मेथी, डिंक, जे समोर येईल ते गिळत आलेल्या तिला त्या क्षणी वाटलं, हे नाही. एवढं एक मी खाणार नाही. लग्नानंतर या घरात उच्चारलेलं पहिलं 'नाही', तेही माशांवरून... नवरा, हेमराज, प्लांटमधून आला आणि बूट काढता काढता हसला. "खाऊन टाक, नाही तं तालाबात सोडून देतो. टेन्शन खतम." कुणाचं टेन्शन?

अंगणातल्या उन्हात गयाबाई पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर उघडी मुलगी, तेलाने चकाकणारी.

"आई, चिमटा तुम्ही काढला?"

"मीच काढला." तेलाचा हात थांबला नाही. "कणकेच्या गोळ्या टाकल्या. त्यायलेही भूक लागते ना."

खरंच, कोपऱ्यात एक गोळी फुगून तरंगत होती. चण्याएवढी, नीट वळलेली.

"कापायच्या आधी पोसून राहिल्या का?" गीतांजलीच्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

आता हात थांबला. "बगळ्यानं नेला तं तुले चालते. घरच्या लेकरासाठी चालत नाही. कावून वं?"

"बगळ्यानं नेलेला कुठे चालला मला?"

"उद्या वजनाले न्यायचं आहे पोरीले. कमी भरलं तं मी कोनाचं ऐकनार नाही, सांगून ठेवते."

"भरेल."

"अन् नाही भरलं तं?"

मुलीच्या मांडीवरची वळी तिने डोळ्यांनीच चाचपली. कालच्यापेक्षा खोल आहे? की उन्हामुळे... पोटात काहीतरी हललं. तरी आवाज आला तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, सरळ.

"तरी नाही."

गयाबाईंनी मुलीला दुपट्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं, आणि पदराखालच्या वाटीतला लाडू दुपट्यावर ठेवला. "लय जिद्दी झाली वं तू. धर. हा तं खाशील?"

टाकीशेजारच्या विटांवर बसून तिने मुलीला जवळ घेतलं. एका हाताने चिमटा पुन्हा लावला. लाडू तसाच मांडीवर. तीच बोटं – कणकेची गोळी वळणारी, डिंकाचा लाडू वळणारी. मायेने वळला असेल की दुधासाठी, हे त्यांना तरी सांगता येईल का? पाण्यातले ते दोघं गोळी खाताना विचारत नसतील. मी विचारते. मीही कुणाच्या तरी टाकीत... नाही, आज हे नको.

ढोकरी फांदीवरून भिंतीवर उतरली. दोन पावलं पुढे आली, थांबली.

"ये," गीतांजली हळू म्हणाली. "मी इथेच बसले आहे."

मुलगी जोराने ओढत होती, घुटके ऐकू येत होते. आणि पोटात मघाशी जे हललं होतं ती साधी भूक होती, हे तिला आत्ता कळलं – सकाळपासूनची, स्वतःची. इतके महिने ती खात होती, पण भूक लागून नव्हे. तिने लाडवाचा मोठा तुकडा तोडला आणि ढोकरीवरची नजर न हलवता सावकाश चावू लागली. गोड होता.