दातात दोरा

सोलापुरातल्या बाळीवेस युनियन या फुटबॉल क्लबात एक रीत होती. ती कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती, म्हणूनच बहुधा साठ वर्षं टिकली. खेळाडूच्या पाठीवरचा नंबर छापायचा नाही, शिवायचा. आणि तोही साध्यासुध्या कापडाचा नाही, चादरीचा. क्लब काढणारी माणसं गिरणीत चादरी विणणारी होती. पहिल्या वर्षी त्यांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून आकडे कापले आणि बनियनांवर शिवले. तेच आकडे पुढे चालत आले. खेळणं थांबवणारा माणूस नारळ आणि साखर घेऊन आपला नंबर परत करायचा, आणि पुढच्या मोसमात तो दुसऱ्याच्या पाठीवर चढायचा. कापड विरलं तर त्यावरच नवा तुकडा चढवायचा. त्यामुळे काही नंबर इतके जाड झाले होते की पोरं कुरकुरायची, "अक्का, गोधडी घेऊन पळतोय की आमी."

हे नंबर चंद्रिकाअक्काच्या घरी गाठोड्यात असायचे. आधी तिची सासू गौरम्मा शिवायची, तिच्यानंतर बावीस वर्षं चंद्रिका. तशी ती शाळेचे गणवेश शिवणारी बाई, घराच्या पुढच्या खोलीत सहा मशीन. पण नंबर मशीनवर शिवायचा नाही. तो हातानं, आणि खेळाडूच्या अंगावरच. आता अंगावरचं कापड शिवताना दातात दोरा धरायचा, हे तुमच्याआमच्या घरातही चालतंच. क्लबात मात्र ते फार कडक पाळायचे. दोरा दातात आहे तोवर खेळाडूनं बोलायचं नाही, आणि एकदा सुई लागली की नंबर पुरा होईपर्यंत जर्सी अंगावरून उतरवायची नाही. धिप्पाड गडी तोंडात दोरा धरून चंद्रिकापुढे गप उभे राहायचे आणि तिला मनातून हसू यायचं.

एकदाच तिला हसू आलं नव्हतं. तिचा नवरा सोमशेखर क्लबाचा डावा विंगर, अकरा नंबरचा. चेंडू त्याच्या पायाशी आला की कंपाउंडच्या भिंतीवर बसलेली माणसं आपोआप उभी राहायची. गड्याला एकच खोड, खिशात कायम गुटख्याची पुडी. त्याच्या शेवटच्या मोसमात तिनं त्याला दोरा दिला आणि त्याचं तोंड उघडेना. दोघांनाही वाटलं, दाढ दुखत असेल. डॉक्टरांनी त्याला आपली बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. तीन जायला हवी होती. एकसुद्धा धड जाईना. दोन वर्षांनी सोमशेखर गेला, आणि शेवटचे चार महिने तो नळीतून जेवला. त्याला आता दहा वर्षं झाली होती. अकरा नंबर तेव्हापासून गाठोड्याच्या तळाशी होता. चंद्रिकानं तो कुणालाही दिला नव्हता, आणि कुणी मागायची हिंमतही केली नव्हती.

मग पुण्याची एक कंपनी आली. कंपनी म्हणजे क्रीडाप्रेमाचा नुसता पूर. त्यांनी लीग काढली, सोलापूरसाठी टीम हवी होती, ती त्यांनी बाळीवेस युनियनच्या रूपानं घेऊन टाकली. क्लबाचं नाव गेलं, 'सोलापूर स्ट्रायकर्स' आलं. निळा रंग गेला, केशरी आला, कारण म्हणे निळा टीव्हीवर उठत नाही. कंपाउंडच्या भिंतीवर पत्रे ठोकले. ज्या भिंतीवर तीन पिढ्या फुकट बसल्या, तिच्या आत जायला तिकीट लागलं. खोटं कशाला बोला, पोरांना पगार सुरू झाला, चांगले बूट आले, पायाला लागलं तर फिजिओ आला. क्लबाचा अध्यक्ष गुरुशांत हा सोमशेखरबरोबरच खेळलेला. तो पेढे घेऊन चंद्रिकाकडे आला तेव्हा तिनं तोंड गोड केलं.

त्याच्याबरोबर पायल नावाची कंपनीची मुलगी होती, फोन दोन आणि हसू चोवीस तास. चादरीचे नंबर पाहून ती हरखलीच.

"वाव, मॅडम! ही तर स्टोरी आहे. उद्घाटनाच्या मॅचला लाइव्ह करू या. बाकीचे नंबर प्रिंटेड असतील, पण लेजंडचा अकरा नंबर तुम्ही ग्राउंडवर शिवायचा, सगळ्यांसमोर. सोमशेखर सरांना ट्रिब्यूट."

चंद्रिका दोन दिवस विचार करत होती. नवा विंगर होता अक्कलकोटकडचा नंदीश, बावीस वर्षांचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा, लाजाळू. तो डावीकडून पळताना तिनं पाहिला होता. दहा वर्षं नंबर अंधारात ठेवून आपण सोमशेखरला जपतोय की पुरतोय, हा प्रश्न तिला पडलाच. तिनं होकार दिला.

तीन दिवसांवर मॅच असताना सात रस्ता चौकात तिला होर्डिंग दिसलं. त्यावर सोमशेखर होता. पंचविशीतला, चेंडूवर पाय ठेवून दिलखुलास हसणारा. हा फोटो तिनंच पायलला दिला होता. फक्त फोटोत त्याच्या अंगात जुनी निळी जर्सी होती, आणि होर्डिंगवर केशरी. छातीवर वीतभर अक्षरांत लिहिलं होतं, 'राजमखमल इलायची'.

राजमखमल कोण, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुटख्याची जाहिरात करता येत नाही, म्हणून हे लोक इलायचीची करतात. नाव तेच, रंग तोच, पुडीवरचा सिंह तोच. चंद्रिका रिक्षात बसून त्या हसऱ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिला असा संताप आला की रिक्षा वळवून ती थेट गुरुशांतच्या दुकानात गेली.

"भाऊजी, ते होर्डिंग बघितलंव का तुमी?"

गुरुशांतनं नजर चुकवली. "बघितलं की. पण वहिनी, तितं इलायची लिवलंय. इलायची आपण चहात बी टाकतो."

"मला शिकवू नका. ह्यांच्या खिशातली पुडी धुणं धुताना मी रोज काढलीया. त्येच नाव, त्योच सिंह. ज्यानं तोंड खाल्लं त्येचंच नाव ह्यांच्या छातीवर लावलाव?"

"करारावर सही झालीया, वहिनी." गुरुशांत हळू आवाजात म्हणाला. वाईट त्यालाही वाटत होतं, तो काही दुष्ट माणूस नव्हे. "आता मागं फिरलो तर टीम जाती, पोरांचे पगार जातात. तुमी न्हाय शिवला तर काय व्हईल? त्ये स्टिकरचा अकरा चिकटवतील. आपली रीत तेवढी बुडंल."

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन तिनं गाठोडं सोडलं आणि अकरा नंबर मांडीवर घेतला. एकेक आकडा वीतभर उंच, चार थरांचा, कडेला गौरम्माचे टाके. तिनं ठरवलं, हा एक नंबर शिवायचा, गाठोडं गुरुशांतच्या हाती द्यायचं आणि या सगळ्यातून अंग काढून घ्यायचं. नंदीशच्या पाठीवर तरी छापील अकरा नको. पाठीवर जाहिरात नव्हती, एवढंच समाधान. ते फार थोडं होतं, आणि हे तिलाही कळत होतं.

रविवारी साडेचारला मैदान भरलं. चंद्रिका इरकल नेसून आली होती, काखेत गाठोडं, हातात सुई आणि अंगुस्तान. खेळाडू मैदानाच्या मधोमध रांगेत उभे होते. सगळ्यांच्या छातीवर राजमखमल, सगळ्यांच्या पाठीवर छापील नंबर. फक्त नंदीशची पाठ कोरी. तीन कॅमेरे होते. गुरुशांत कोट घालून उभा होता आणि घामाघूम झाला होता.

चंद्रिकानं रिळाचा दोरा तोडून नंदीशपुढे धरला. तेवढ्यात पायल पुढे आली.

"एक सेकंद, मॅडम. क्लोजअपमध्ये दोरा नीट दिसत नाहीये." तिनं गळ्यातल्या पाउचमधून एक चकचकीत पुडी काढून नंदीशपुढे केली. "तू ना, दोऱ्याऐवजी ही धर दातात. सिंह कॅमेऱ्याकडे. मस्त शॉट येईल. स्पॉन्सरने खास सांगितलंय."

पायलच्या मनात काहीही वाईट नव्हतं. तिला ती पुडी म्हणजे एक वस्तू होती, दातात धरायची आणि शॉट झाला की टाकून द्यायची. वर लाउडस्पीकरवाला गळा फाडून सांगत होता, "सोमशेखरची चाल, राजमखमलची कमाल!" नंदीशनं पुडीकडे पाहिलं, मग अक्काकडे. त्याचा हात अर्धवट पुढे आला आणि तसाच राहिला.

चंद्रिकानं पुडी पायलच्या हातातून घेतली. सिंहाकडे नीट पाहिलं. मग ती पायलच्या गळ्यातल्या पाउचमध्ये परत ठेवली आणि चेन लावली.

"पोरी, ही तुझ्यापाशी ठेव. माझ्या घरात हिनं लई शॉट दिलेत." मग ती नंदीशकडे वळली. "आ कर."

नंदीशनं तोंड उघडलं. चांगलं मोठं, स्वच्छ, पांढऱ्या दातांचं तोंड. चंद्रिकानं ते एकदा नीट पाहून घेतलं. दोरा त्याच्या दातात दिला. तो पाठ करून उभा राहिला. तिनं अकरा नंबर त्याच्या कोऱ्या पाठीवर धरला, सुई टेकवली, आणि थांबली.

"नंदीश," ती म्हणाली, "माझ्याकडं तोंड कर."

तो वळला. पगार होता, करार होता, घरी अक्कलकोटात त्याच्या पगारावर आई चन्नम्मानं बांधायला काढलेली एक खोली होती. ते सगळं त्याच्या डोळ्यांतून एकदा सरकलेलं चंद्रिकानं पाहिलं. ती वाट बघत राहिली. हा निर्णय तिला त्याच्यावर लादायचा नव्हता. नंदीशनं दोरा दातात घट्ट दाबला, छाती पुढे काढली आणि तो ताठ उभा राहिला.

तिनं अकरा नंबर त्याच्या छातीवर ठेवला. पहिला एक 'राज'वर, दुसरा 'मखमल'वर. चार थरांची चादर, खालचं एक अक्षर दिसेल तर शपथ. सुई आत गेली.

पाच-सहा टाके होईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग पायलच्या दोन्ही फोनवर एकदम रिंग वाजायला लागली. कंपनीचा एक साहेब व्हीआयपी मंडपातून धावत आला.

"काय चाललंय हे? नंबर मागे असतो! उतरव ती जर्सी! दुसरी आणा!"

नंदीश गप्प. त्याच्या दातात दोरा होता.

"अरे, तुला विचारतोय मी! उत्तर दे!"

"त्यो बोलणार न्हाय," चंद्रिका टाका ओढत म्हणाली. "आन् सुई लागलीया. आता नंबर पुरा व्हईपर्यंत जर्सी निघत न्हाय. आमची रीत हाय ही. तुमालाच दाखवायची होती न्हवं लोकांना? दाखवा की."

साहेब गुरुशांतकडे वळला. "तुम्ही अध्यक्ष आहात ना? सांगा यांना!"

गुरुशांतनं रुमालानं मान पुसली. एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा नंदीशच्या छातीकडे. "साहेब," तो म्हणाला, "सुई लागल्यावर मी बी काय बोलू शकत न्हाय. अध्यक्ष झालो तरी काय झालं." आणि त्यानं चक्क कोट काढून खांद्यावर टाकला.

आता लोकांना समजलं. पत्र्यांवर हात आपटायला लागले. आतले, बाहेरचे, तिकीटवाले, बिनतिकीटवाले, सगळ्यांचा एकच आवाज, "अकरा! अकरा!" सोमशेखर चेंडू घेऊन निघाला की असाच आवाज व्हायचा. चंद्रिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसायला थांबत नव्हती. शेवटची गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला.

"जा," ती म्हणाली.

नंदीशनं तोंडातला दोरा काढून मुठीत ठेवला आणि तिच्या पाया पडून तो डाव्या विंगकडे धावला. ती खाली वाकून गाठोडं बांधायला लागली, तर समोर पिवळे मोजे येऊन उभे राहिले. गोलकीपर ऋतुराज. सहा फुटांचा, टीमचा सगळ्यात वाह्यात गडी. मागे आणखी आठ-नऊ जण रांग लावून उभे होते.

"अक्का, माझा बी नंबर हितंच लावा की," छातीवर थाप मारत ऋतुराज म्हणाला.

"आ कर."

ऋतुराजनं तोंड उघडलं. थोडंसंच उघडलं, आणि झटकन मिटलं.

"पुरं उघड."

"एवढंच उघडतंय, अक्का."

चंद्रिकाचा हात थांबला. मैदानाचा आवाज तिला क्षणभर ऐकूच येईना. "बोटं घाल," ती म्हणाली. ऋतुराजनं हातमोजा काढला आणि बोटं उभी करून आत घातली. दोन गेली, तिसरं जाईना. एवढा सहा फुटी गडी, त्याचे डोळे भरून आले.

लांब दोरा तोडून तिनं तो त्याच्या दातांत अलगद सरकवला, जेवढी जागा होती तेवढ्यात. गाठोड्यातून त्याचा नंबर काढून राजमखमलवर बसवला आणि जाड सुई ओवली.

"उद्या सकाळी नऊला माझ्या दारात ये. दवाखान्यात मी येणार संगं," टाका घालता घालता ती म्हणाली. "आन् आता गप उभा ऱ्हा. दातात दोरा हाय."